सप्लाय ढळतो, पण ड्रायव्हरच्या मॉडेलला ते कळतं का?

दुसऱ्या वर्षाच्या प्रगती सेमिनारमध्ये मी एक स्लाइड दाखवली होती. तिच्यावर दोन वेव्हफॉर्म होते, एक १.८ व्होल्ट सप्लायवरचा आणि दुसरा १.६२ व्होल्टवरचा. दोन्ही एकमेकांवर इतके तंतोतंत बसले होते की खालचा दिसतच नव्हता. त्याखाली मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "या ड्रायव्हरवर सप्लायच्या चढउताराचा परिणाम होत नाही." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "हे त्या ट्रान्झिस्टरला माहीत आहे का?"

सगळे हसले. मीही हसले, दुसरं करणार काय! पण मनातून घाबरले होते, कारण त्या एका वाक्यावर पुढचा निर्णय अवलंबून होता. सप्लाय हलला तरी चालतं म्हटल्यावर आमच्या टेस्ट बोर्डवरचे बरेचसे डिकपलिंग कपॅसिटर कमी करायचे, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. बोर्ड छपाईला जायला दहा दिवस उरले होते.

त्या स्लाइडमध्ये काय चुकलं होतं ते आज सांगते. चुका तीन होत्या, आणि एकीखाली दुसरी लपलेली होती. पहिली दुरुस्त केल्याशिवाय दुसरी दिसणारच नव्हती. तुम्ही सिग्नल इंटिग्रिटीचं काम करत असाल तर यातली एखादी तुमच्याही हातून झाली असेल. करत नसाल तरी काळजी नको, ओहमचा नियम आठवत असला की पुरे.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते बघू. चिपच्या आतले ट्रान्झिस्टर अगदी किरकोळ अंगाचे असतात. त्यांना बाहेरच्या बोर्डवरचा काही सेंटिमीटर लांबीचा तांब्याचा ट्रेस ढकलता येत नाही. म्हणून प्रत्येक पिनेमागे दोन दांडगे ट्रान्झिस्टर बसवलेले असतात. वरचा पीमॉस पिनेला सप्लायकडे ओढतो, खालचा एनमॉस ग्राउंडकडे. या जोडीला ड्रायव्हर किंवा आउटपुट बफर म्हणतात. दांडगे असल्यामुळे त्यांची गेटं हलवायलाही ताकद लागते, म्हणून त्यांच्याआधी चढत्या आकाराच्या गेटांची एक रांग असते. ती प्रीड्रायव्हर. हे नाव लक्षात ठेवा, तिसरी चूक तिथेच दडली होती.

आता सप्लाय का ढळतो? शेतावरची मोटर सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मिणमिणतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. चिपमध्ये हेच घडतं, फक्त नॅनोसेकंदांत. समजा ८ ड्रायव्हर एकाच वेळी ० वरून १ वर गेले. प्रत्येकाने अर्ध्या नॅनोसेकंदात २० मिलिअँपिअर करंट मागितला, म्हणजे एकूण १६० मिलिअँपिअर. हा करंट पॅकेजमधल्या बारीक जोडण्यांतून येतो आणि त्या जोडण्यांना इंडक्टन्स असतो. तो सामाईक अर्धा नॅनोहेन्री धरला, तर व्होल्टेजची घट म्हणजे इंडक्टन्स गुणिले करंटच्या बदलाचा वेग. हिशेब केला तर १६० मिलिव्होल्ट येतात. १.८ व्होल्टवर हे जवळजवळ ९ टक्के झाले. याला सायमल्टेनियस स्विचिंग नॉइज म्हणतात. डिकपलिंग कपॅसिटर म्हणजे दाराशी भरून ठेवलेली टाकी. लांबच्या पाइपातून पाणी येईपर्यंत तिच्यावर भागवायचं.

थोडक्यात, ड्रायव्हर सप्लाय ढळवतो आणि ढळलेला सप्लाय ड्रायव्हरला अशक्त करतो. या वर्तुळाचा दुसरा अर्धा भाग सिम्युलेशनमध्ये असायला हवा. माझ्यात तो नव्हता.

याचं कारण समजायला मॉडेलची गोष्ट सांगावी लागेल. सर्किट सिम्युलेशन म्हटलं की स्पाइस आठवतं, १९७३ मध्ये बर्कलीत जन्मलेलं. स्पाइसमध्ये प्रत्येक ट्रान्झिस्टर लिहिता येतो. पण चिप विकणारी कंपनी तुम्हाला तिच्या ड्रायव्हरचे ट्रान्झिस्टर का दाखवेल? तिची डिझाइन आणि कारखान्याची गुपितं सगळी त्यात. शिवाय शंभरेक पिनांचा बोर्ड ट्रान्झिस्टर पातळीवर चालवायला लावला, तर उत्तर येईपर्यंत चहाचे पाच कप होतात. यावर इंटेलने पुढाकार घेऊन एक तोडगा काढला आणि १९९३ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. तोच आयबिस.

आयबिसची फाइल नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात ट्रान्झिस्टर नसतात, फक्त तक्ते असतात. पिनेवर अमुक व्होल्टेज असताना वरचा ट्रान्झिस्टर किती करंट देतो आणि खालचा किती ओढतो, हे दोन मुख्य तक्ते. पिन ० वरून १ वर आणि १ वरून ० वर जाताना वेळेनुसार व्होल्टेज कसं बदलतं, याचे आणखी काही. सिम्युलेटर या वेळेच्या तक्त्यांवरून दोन गुणक काढतो, एक वरच्या ट्रान्झिस्टरसाठी आणि एक खालच्यासाठी. आत्ता या क्षणी वरचा किती टक्के उघडलाय आणि खालचा किती, एवढं ते सांगतात. ते करंटच्या तक्त्यांना गुणले की झाला ड्रायव्हर तयार. मला ही कल्पना अजूनही आवडते. काही लपवायचं ते लपलं आणि कामाचं तेवढं हाती आलं.

पण हे सगळे तक्ते एका ठरावीक, स्थिर सप्लायवर काढलेले असतात. पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

माझी पहिली चूक सांगायलाही लाज वाटते. काही सिम्युलेटरांत आयबिसचा बफर टाकला की तो मुकाट्याने फाइलमध्ये लिहिलेला आदर्श सप्लाय आतल्या आत घेतो. तुम्ही बाहेर कितीही काळजीपूर्वक पॅकेजचा इंडक्टन्स, बोर्डाचं पॉवर प्लेन, कपॅसिटर रेखाटले, तरी बफर त्यांना जोडलेलाच नसतो. एक पर्याय बंद करावा लागतो, तेव्हा कुठे बफर बाहेरच्या तारा पकडतो. मी तो बंद केला नव्हता. माझे दोन वेव्हफॉर्म एकावर एक बसले, कारण दोन्ही वेळा ड्रायव्हर त्याच आदर्श १.८ व्होल्टवर निवांत बसला होता. मी जो सप्लाय खाली आणला तो कुणालाच जोडलेला नव्हता!

बरं, पर्याय बंद केला, परत चालवलं. आता वरची पातळी १.८ ऐवजी १.६२ वर आली. मी खूश. गाईड मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "पातळी खाली आली, ते ठीक. करंट किती कमी झाला?" बघितलं, तर सॅच्युरेशनमधला करंट जसाच्या तसा. ही दुसरी चूक, आणि ती माझ्यापेक्षा मॉडेलची जास्त.

हे नीट समजून घ्या, कारण सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. आयबिसमध्ये वरच्या ट्रान्झिस्टरचा तक्ता सप्लायच्या संदर्भाने लिहिलेला असतो. म्हणजे तक्त्यातलं व्होल्टेज म्हणजे पिनेवरचं व्होल्टेज नव्हे, तर सप्लायमधून पिनेचं व्होल्टेज वजा केल्यावर उरतं ते. सप्लाय ढळला की तक्ता त्याच्यासोबत खाली सरकतो, एवढंच. आता खरा पीमॉस बघा. त्याचा सोर्स सप्लायला आणि चालू असताना गेट ग्राउंडला. म्हणजे त्याला उघडणारं व्होल्टेज, गेट आणि सोर्समधला फरक, हा खुद्द सप्लायइतकाच असतो. तक्ता काढला तेव्हा तो १.८ होता आणि तो आकडा तक्त्यात कायमचा मुरला. सप्लाय १.६२ वर आला की खऱ्या ट्रान्झिस्टरचं गेट १.६२ नेच उघडतं, पण मॉडेलच्या लेखी अजून १.८ च आहे. याला गेट मॉड्युलेशनचा परिणाम म्हणतात.

फरक किती पडतो? छोट्या चॅनलच्या ट्रान्झिस्टरसाठी साकुराई आणि न्यूटन यांनी १९९० मध्ये मांडलेला अल्फा-पॉवर नियम ढोबळ हिशेबाला फार सोयीचा आहे. सॅच्युरेशनमधला करंट हा गेटचं व्होल्टेज वजा थ्रेशोल्ड याच्या अल्फाव्या घाताच्या प्रमाणात असतो. थ्रेशोल्ड ०.५ व्होल्ट आणि अल्फा १.३ धरू. १.८ व्होल्टवर उरतात १.३, आणि १.६२ वर उरतात १.१२. गुणोत्तर ०.८६, त्याचा १.३ घात म्हणजे साधारण ०.८२. सप्लाय १० टक्के उतरला, तर करंट १८ टक्के उतरला. सप्लाय जितका कमी आणि थ्रेशोल्डच्या जवळ, तितकी ही तफावत वाढते. १.१ व्होल्ट आणि ०.४ थ्रेशोल्ड घेऊन करून बघा, २० टक्के येईल. डीडीआर२ मेमरीचा सप्लाय १.८ होता, डीडीआर३ चा १.५, डीडीआर४ चा १.२, डीडीआर५ चा १.१. कुठल्या दिशेने चाललोय ते कळलं ना?

तुम्ही म्हणाल, मग फाइलमध्ये "मिन" नावाचा रकाना असतो ना, कमी सप्लायचा? तो घ्या की! हा सल्ला मलाही दोघांनी दिला. पण मिन रकान्यात कमी सप्लाय एकटा येत नाही. सीमॉससाठी त्याच्याबरोबर जास्त तापमान आणि मंद प्रोसेस असं सगळं एकत्र बांधलेलं असतं. टिपिकल आणि मिनच्या मध्ये कुठेतरी अंदाजाने थांबायचं म्हटलं, तर सप्लायसोबत नकळत तापमान आणि कारखानाही बदलला जातो. आणि मुख्य म्हणजे तो रकाना सिम्युलेशनभर एकच राहतो. आपल्याला हवाय तो नॅनोसेकंदात खाली जाऊन वर येणारा सप्लाय.

आता वरच्या वर्तुळाकडे परत येऊ. जुन्या मॉडेलमध्ये सप्लाय ढळूनही करंट कमी होत नाही, म्हणून सप्लाय आणखी ढळतो. खऱ्या चिपमध्ये सप्लाय ढळला की ड्रायव्हर अशक्त होतो, करंट कमी मागतो, आणि ढळणं आपोआप आवरलं जातं. आपले वरचे आकडे लावले तर गणित गमतीशीर सोपं होतं. अल्फा १.३ भागिले १.३ व्होल्ट, म्हणजे सप्लाय १ व्होल्ट ढळला तर करंट जवळपास १०० टक्के घटण्याच्या वेगाने कमी होतो. तेव्हा ८ ड्रायव्हरांसाठी १६० मिलिव्होल्टऐवजी ०.१६ भागिले १.१६, म्हणजे सुमारे १३८ मिलिव्होल्ट. फरक फार नाही. पण ३२ ड्रायव्हर एकदम हलवा. जुनं मॉडेल सांगतं ६४० मिलिव्होल्ट, आवर धरला तर सुमारे ३९०. आकडा ढोबळ आहे, कारण एवढ्या मोठ्या घटीला सरळ रेषेचं गणित लागू पडतंच असं नाही, पण घात घेऊन नीट सोडवलं तरी ४०० च्या आसपासच येतं. म्हणजे नॉइज जितका मोठा, तितकं जुनं मॉडेल जास्त घाबरवतं.

इथे एक गंमत आहे. त्याच जुन्या मॉडेलमध्ये उलट्या बाजूचीही एक चूक होती. सप्लायच्या पिनेतून येणारा सगळा करंट काही बाहेर जात नाही. प्रीड्रायव्हर खातो, वर-खालचे ट्रान्झिस्टर क्षणभर एकत्र उघडे राहतात तेव्हा थेट सप्लायपासून ग्राउंडपर्यंत वाहतो. जुन्या आयबिसला हा करंट दिसतच नव्हता, म्हणून त्या हिशेबाने सप्लाय हवा त्यापेक्षा कमी ढळायचा. एक चूक फुगवणारी, एक आकसवणारी. दोन्ही एकमेकींना खाऊन उत्तर कधीकधी बरोबर यायचं! अशा योगायोगाने जुळलेल्या आलेखांची मला आता फार भीती वाटते.

२००८ मध्ये आलेल्या आयबिस ५.० ने दोन्हींवर इलाज आणला. "कॉम्पोझिट करंट" हा तक्ता सप्लायच्या पिनेतला एकूण करंट वेळेनुसार देतो. "आयएसएसओ पीयू" आणि "आयएसएसओ पीडी" हे दोन तक्ते गेट मॉड्युलेशनसाठी. त्यांची युक्ती सरळ आहे. ट्रान्झिस्टरचा संदर्भ, वरच्यासाठी सप्लाय आणि खालच्यासाठी ग्राउंड, थोडा थोडा सरकवत करंट नोंदवायचा. न सरकवता आलेल्या करंटने त्याला भागायचं. ते गुणोत्तर सिम्युलेशन चालू असताना क्षणोक्षणी मूळ करंटला गुणायचं. आपलं ०.८२ तेच.

म्हणून चिपची फाइल हाती आली की आधी ती उघडा आणि हे शब्द शोधा. फाइलीवर आवृत्ती ५.० लिहिलंय म्हणजे तक्ते आहेतच, असं मुळीच नाही. ते ऐच्छिक आहेत. आणि फाइलीत असले तरी सिम्युलेटर ते वापरतोय का, हे वेगळं तपासा. मी तपासते ते असं: सप्लाय मुद्दाम १० टक्के खाली आणायचा, पिन ग्राउंडला धरून ठेवायची आणि करंट बघायचा. तो हलला नाही, तर तक्ते नुसते फाइलीची शोभा वाढवतायत.

एकच गुणोत्तर सगळ्या तक्त्याला लावणं हीसुद्धा तडजोडच आहे, बरं का. ते सॅच्युरेशनमध्ये काढलेलं असतं. पिन सप्लायच्या जवळ पोचली की ट्रान्झिस्टर रेझिस्टरसारखा वागतो आणि तिथे घट साधारण ०.८६ एवढीच असते, ०.८२ नव्हे. मला याचा फारसा त्रास झालेला नाही, त्यामुळे पुढे जाते.

तिसरी चूक. एवढं सगळं बरोबर केल्यावर माझे वेव्हफॉर्म खरंच वेगळे दिसायला लागले. पातळी वेगळी, चढ वेगळा. पण दोन्ही एजेस एकाच क्षणी सुरू होत होत्या. लॅबमध्ये जुन्या बोर्डवर सप्लाय उतरवून स्कोप लावला, तर एज डोळ्यांना दिसेल इतकी उशिरा येत होती. मॉडेल म्हणतं वेळेवर, चिप म्हणते उशीर!

याचं कारण प्रीड्रायव्हर. ती गेटांची रांगही त्याच सप्लायवर चालत असेल, तर सप्लाय उतरल्यावर तीही मंदावते. गेटचा डिले हा सप्लाय भागिले करंट या प्रमाणात असतो, म्हणून ०.९ भागिले ०.८२, म्हणजे ९ टक्के वाढ. रांगेला ५०० पिकोसेकंद लागत असतील तर ४६ पिकोसेकंदांचा उशीर. पण आयबिसमधले ते दोन गुणक, किती टक्के उघडलाय ते सांगणारे, वेळेच्या तक्त्यातून आधीच काढून ठेवलेले असतात. त्यांचं घड्याळ सप्लायकडे बघतच नाही. आयएसएसओ तक्ते करंटची उंची बदलतात, वेळ नाही. डीडीआर२-८०० मध्ये एका बिटाला १२५० पिकोसेकंद मिळायचे, तिथे ४६ खपून जातात. डीडीआर५-६४०० मध्ये मिळतात १५६. (डेटासोबत जाणारा स्ट्रोबही त्याच सप्लायवर असतो आणि तोही उशिरा येतो, त्यामुळे यातला काही भाग वजा होतो. देवाची कृपा.)

माझं संशोधन इथे येऊन बसलंय: त्या गुणकांचं घड्याळ सप्लायप्रमाणे ताणायचं आणि आकसायचं, तेही ट्रान्झिस्टर न बघता. पहिल्यांदा मी एज निघते त्या क्षणीचा सप्लाय घेऊन डिले बदलला. चुकलंच. सिग्नल रांगेतून ५०० पिकोसेकंद प्रवास करत असतो, आणि वाटेत त्याला जो जो सप्लाय भेटतो तो सगळा मोजावा लागतो. ढोबळमानाने त्या काळातली सरासरी धरा. मग एक छान गोष्ट दिसते. २ गिगाहर्ट्झच्या नॉइजचं एक आवर्तन बरोबर ५०० पिकोसेकंदांचं, म्हणजे वाटेत जितका वर तितका खाली, सरासरी शून्य, एज जागेवर. १०० मेगाहर्ट्झच्या नॉइजचं आवर्तन १० नॅनोसेकंदांचं. तो एजला जवळपास स्थिरच वाटतो आणि पूर्ण उशीर करून जातो. स्कोपवर भीतीदायक दिसणारा वेगवान नॉइज इथे निरुपद्रवी, आणि संथ, गरीब दिसणारा नॉइज घातकी.

दुसऱ्या वाटाही आहेत. इटलीत तोरिनोच्या पॉलिटेक्निकमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये "एमपायलॉग" नावाची पद्धत मांडली होती. तक्त्यांऐवजी पिनेवरचे व्होल्टेज-करंट बघून थेट समीकरणं बसवायची. सुंदर काम आहे. पण कंपन्या आयबिसची फाइल देतात, आणि मला बोर्डवाल्याच्या हातात आहे त्या फाइलीवर चालेल असं काहीतरी हवंय.

आमच्या बोर्डाचं सांगायचं राहिलं. छपाईला चार दिवस असताना मी मॅडमना फोन करून सांगितलं की स्लाइड चुकीची होती, कपॅसिटर काढायला नकोत. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं फोन केलास. जागा ठेव सगळ्यांना, लावायचे की नाही ते मोजून ठरवू." बोर्ड आले, सगळे कपॅसिटर लावले, मग एकेक उपटत मोजत गेले. शेवटचे काही काढल्यावर साधारण १०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा सप्लायचा डोलारा वाढला आणि एजेस डुलायला लागल्या. तेच जर सेमिनारमधल्या स्लाइडप्रमाणे केलं असतं, तर ते कपॅसिटर लावायला बोर्डावर जागाच नसती.

सध्या अडलंय ते ग्राउंडपाशी. आत्तापर्यंत मी सप्लाय एकटा हलवत होते. खऱ्या चिपमध्ये ग्राउंडही उसळतो, प्रीड्रायव्हरला दोन्हींमधला फरक दिसतो आणि बाहेरच्या रिसीव्हरला त्याचं स्वतःचं वेगळंच ग्राउंड. दोन्ही एकत्र हलवले की माझं ताणलेलं घड्याळ कधीकधी उलटं फिरतं. परवा त्याने एज निघायच्या आधीच पोचवून दाखवली. दुरुस्त झालं की लिहीन.